छर्ऱ्यांचे आकारमान : टर्की व बदकांच्या शिकारीतील

गुळगुळीत नळीच्या बंदुकीच्या काडतुसात भरलेल्या बारीक गोळ्यांचा व्यास आणि तो दर्शविणारा क्रमांक म्हणजे छर्ऱ्यांचे आकारमान. प्रस्तुत नोंद मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील प्रघातापुरती आहे. तेथे क्रमांक वाढेल तसा छर्रा लहान होतो. १७ मधून क्रमांक वजा केला असता व्यास शतांश इंचांत मिळतो. त्यानुसार क्रमांक ४ चा छर्रा ०.१३ इंच (३.३ मिमी.), तर क्रमांक ६ चा ०.११ इंच (२.८ मिमी.) भरतो. ब्रिटिश पद्धतीचा क्रमांक ५ अमेरिकन क्रमांक ६ च्या जवळपास येत असल्यामुळे जुनी शिकारवर्णने वाचताना छर्रे कोणत्या देशाचे आहेत हे आधी पाहणे इष्ट ठरते.

गोल छर्रे बनविण्याच्या कृतीचे श्रेय पुष्कळदा ब्रिस्टलचा शिसेकाम करणारा कारागीर विल्यम वॉट्स यास दिले जाते. त्याने १७८२ मध्ये एकस्व (पेटंट) मिळविले. वितळलेले शिसे चाळणीतून उंचावरून सोडले की पृष्ठताणामुळे थेंब वाटेतच गोल होतात व खाली पाण्यात पडून निवतात. ही युक्ती त्याच्या पत्नीस स्वप्नात सुचली, ही कथा दंतकथाच मानावी. शिशात आर्सेनिकाचा अंश मिसळून ते चाळणीतून पाण्यात सोडण्याची राजपुत्र रूपर्टची कृती इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकने १६६५ मध्येच वर्णन केली होती. त्या कृतीत शिसे पाण्याच्या अगदी जवळून पडत असल्याने छर्ऱ्याच्या एका अंगास खळगी राही, आणि उत्खननात सापडलेले त्या काळचे छर्रे आजही या खळगीवरून ओळखतात. हे लक्षात घेता वॉट्सचे श्रेय मूळ कल्पनेपेक्षा उंचीच्या उपयोगाचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यासाठी त्याने स्वतःच्या घरावर मनोरा चढविला आणि घराखालीही खोल खणले.

आकारमान निवडताना दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ घालावा लागतो. छर्रा मोठा असेल तर तो खोल शिरतो, पण तेवढ्याच वजनात छर्ऱ्यांची संख्या घटते. शिशाचे क्रमांक ४ चे छर्रे एका औंसात सुमारे १३५, तर क्रमांक ६ चे सुमारे २२५ बसतात. टर्की (कोंबडीच्या जातीचा मोठा अमेरिकन पक्षी) बहुधा जमिनीवर उभी असताना, डोके व मान यांवर नेम धरून मारतात. तिचे शरीर मोठे असले तरी लक्ष्य अरुंद असते. म्हणून आकुंचित मुखाच्या नळीतून (फुल चोक) क्रमांक ४, ५ किंवा ६ चे दाट छर्रे सोडण्याची रीत पडली. सुमारे १८ ग्रॅ./घ. सेंमी. घनतेच्या, म्हणजे शिशाहून बऱ्याच जड, टंगस्टन मिश्रधातूचा क्रमांक ९ चा छर्रा अवघा २ मिमी. असूनही आत शिरण्यात शिशाच्या क्रमांक ४ च्या तोडीचा ठरतो व औंसात ३५० हून अधिक बसतो. तरीही काडतुसाच्या वेष्टनावरील क्रमांकावर भिस्त न ठेवता ४० यार्डांवर कागद लावून, मानेच्या चित्रात किती भोके पडली ती मोजूनच बंदूक पारखावी. जखमी पक्षी झुडपात निसटून तडफडण्यापेक्षा हा खटाटोप केव्हाही बरा.

बदकाच्या बाबतीत प्रश्न धातूचा अधिक आहे. पाणपक्षी अन्न दळण्यासाठी पेषणीत (जठराच्या स्नायुमय भागात) खडे साठवितात आणि तळ्याच्या चिखलातले छर्रे खडे समजून गिळतात. पेषणीत घासून मसुराच्या डाळीसारखी चपटी झालेली शिशाची चकती हा विषबाधेचा ढळढळीत पुरावा असतो. संयुक्त संस्थानांतील २ ते ३ टक्के पाणपक्षी दरवर्षी यामुळे दगावत असावेत, असा अंदाज अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ फ्रँक बेलरोझ यांनी १९५९ मध्ये मांडला. तेथे १९९१ च्या हंगामापासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसे देशभर निषिद्ध झाले. युरोपीय संघात पाणथळ जागांपुरती बंदी २०२३ मध्ये अंमलात आली.

पोलादाची घनता सुमारे ७.८, तर शिशाची ११.३ आहे, म्हणून शिशाच्या जागी पोलाद घेताना दोन आकार मोठा छर्रा घ्यावा, असा संकेत आहे. पोलादाचा क्रमांक २ वजनाने शिशाच्या क्रमांक ४ च्या जवळ येतो, हे त्याचे कारण. मॅलार्डसारख्या मोठ्या बदकासाठी पोलादाचे क्रमांक २ वा ३, टीलसारख्या लहानांसाठी ४ वा ६, तर हंसांसाठी बीबी या आकाराचे (०.१८ इंच) छर्रे सामान्यतः वापरतात. पोलाद शिशासारखे चेपत नसल्याने त्याचा फैलाव आवळ राहतो. त्यास फुल चोकची गरज सहसा नसते आणि जुन्या, पातळ नळ्यांत ते वापरणे धोक्याचे असते. बिस्मथचे छर्रे (घनता सुमारे ९.६) मऊ असल्याने अशा नळ्यांसाठी तुलनेने योग्य ठरतात, मात्र ते बरेच महाग पडतात.

भारतात वन्य पक्ष्यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने नियंत्रित झाली असून आज ती निषिद्ध आहे.