घरच्या माणसाचे ताजे रक्त अधिक सुरक्षित असते का?

शस्त्रक्रिया ठरली की ‘रक्तपेढीतले शिळे रक्त नको, भावाचेच ताजे काढून चढवा’ असा आग्रह नातेवाईक आजही धरतात. त्यामागची काळजी खरी असली, तरी समज चुकीचा आहे.

पेढीतल्या तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात, पिशवीतील द्रावणानुसार, ३५ किंवा ४२ दिवस वापरण्याजोग्या राहतात. प्लेटलेट मात्र फ्रीजमध्ये ठेवत नाहीत. त्या २० ते २४ अंशांत, सतत हलणाऱ्या तबकावर, साधारण पाचच दिवस टिकतात.

भारतात रक्ताच्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी, सिफिलिस व मलेरिया यांसाठी तपासणी बंधनकारक आहे, आणि त्यातून भावाच्या रक्तालाही सूट नाही. लागण नुकतीच झाली असेल तर चाचणीतही ती काही काळ दिसत नाही. म्हणून रक्तदात्याने प्रश्नावलीत दिलेली खरी उत्तरे मोलाची ठरतात, आणि घरच्यांसमोर अवघडलेला माणूस नेमकी तीच लपवण्याची शक्यता अधिक.

खरा धोका याहून वेगळा आहे. जवळच्या नातेवाइकाच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या पेशींशी इतक्या मिळत्याजुळत्या असू शकतात की रुग्णाचे शरीर त्यांना परके मानून नष्ट करत नाही; त्या तिथेच वाढतात आणि उलट रुग्णाच्याच त्वचेवर, यकृतावर, अस्थिमज्जेवर हल्ला चढवतात. हा विकार विरळा असला तरी बहुतेकदा प्राणघातक ठरतो. त्यामुळे सख्ख्या नातेवाइकाचे रक्त द्यायचेच झाले, तर ती पिशवी आधी किरणोत्सारित करून, म्हणजे किरणांचा मारा करून त्यातल्या पांढऱ्या पेशींची वाढ थांबवून, घ्यावी लागते.