शेजाऱ्याच्या बांधकाम-परवानगीबाबतच्या तक्रारी (इंग्लंड)

शेजारच्या घराला बांधकामाची परवानगी देताना कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेने, कामकाजात चूक केली, अशी रहिवाशाने केलेली तक्रार. ती भिंतीविरुद्ध नसते, भिंतीला परवानगी देण्याच्या रीतीविरुद्ध असते. तक्रारदाराचा हिरमोड होतो तो बहुधा इथेच.

इंग्लंडमध्ये १९४७ च्या नगर व ग्रामनियोजन कायद्याने बांधकामाला पूर्वपरवानगी सक्तीची केली. सध्या १९९० चा कायदा लागू आहे. अर्ज आला की कौन्सिल लगतच्या घरांना पत्र धाडते किंवा जागेजवळ नोटीस लावते. दिव्याच्या खांबाला प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलेला हा कागद नजरेतून सुटणे अगदी सोपे. हरकतीला साधारण २१ दिवस मिळतात. आपल्याकडे ‘हरकती व सूचना’ विकास आराखड्यावर मागवतात. शेजारच्या बंगल्यावर मजला चढणार म्हणून घरी पत्र येत नाही. त्यामुळे तिथे नव्याने राहायला गेलेल्या मराठी माणसाला हे पत्र म्हणजे आपली संमती विचारली आहे असे वाटू शकते. तसे ते नसते.

हरकतीतले सगळेच मुद्दे धरले जात नाहीत. उजेड अडणे, वरच्या खिडकीतून घरात डोकावता येणे, गोंगाट, रहदारी हे चालते. घराची किंमत उतरेल, खिडकीतला देखावा जाईल, कुंपण आमच्या हद्दीत आहे, हे नाही. उजेडासाठी अनेक कौन्सिले नकाशावर शेजारच्या खिडकीपासून ४५ अंशांची रेघ ओढून नवे बांधकाम ती ओलांडते का ते पाहतात. नकाशात ती खिडकीच दाखवलेली नसली आणि अधिकाऱ्याच्या अहवालातही तिचा उल्लेख नसला, तर तक्रारीत दम असतो.

परवानगी नाकारली तर अर्जदाराला नियोजन निरीक्षणालयाकडे, म्हणजे अशी अपिले ऐकणाऱ्या सरकारी संस्थेकडे, अपील करता येते. दिली तर शेजाऱ्याला अपील नाही. आयर्लंडमध्ये ते आहे, म्हणजे अशक्य काही नाही. इंग्लंडमधल्या शेजाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: सहा आठवड्यांच्या आत उच्च न्यायालय, जे खर्चिक आहे, किंवा कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारी तपासणारा लोकपाल, जो फुकट आहे. १९७४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या कार्यालयाला २०१७ पासून ‘स्थानिक शासन व सामाजिक देखभाल लोकपाल’ म्हणतात. आधी कौन्सिलकडेच तक्रार करावी लागते, आणि प्रकार कळल्यापासून १२ महिन्यांत लोकपालाकडे जावे लागते.

लोकपाल दोन गोष्टी पाहतो: चूक झाली का, आणि चूक झाली नसती तर निर्णय वेगळा लागला असता का. दुसऱ्या प्रश्नावर भल्याभल्या तक्रारी अडतात. पत्र पाठवलेच नाही हे कौन्सिल कबूल करते. पण उजेडाचा विचार अधिकाऱ्याने स्वतःहून केलेला असतो, म्हणून नुकसान शून्य. चूक आणि नुकसान दोन्ही ठरले तर माफी, थोडी रक्कम, क्वचित आडोशासाठी झाडांचा खर्च. परवानगी रद्द करणे लोकपालाच्या हातात नाही. ते कौन्सिल करू शकते, पण बांधकाम पुरे होण्याआधी आणि सहसा भरपाई मोजून. म्हणून सहसा करत नाही.

काही बांधकामांना अर्जच लागत नाही. जोडघराच्या मागे ३ मीटरपर्यंतची एकमजली खोली उंचीसारख्या अटी पाळून तशीच उभी राहते, आणि ‘कौन्सिलने हे होऊ कसे दिले’ या तक्रारीला तिथे तपासण्याजोगा निर्णयच नसतो. विनापरवाना बांधकामावरही कारवाई करायची की नाही हे कौन्सिल ठरवते. नंतर मागितलेली परवानगीही कायद्याने देता येते. २५ एप्रिल २०२४ पासून अशा कारवाईची मुदत सरसकट १० वर्षे झाली. त्याआधी घरांच्या बांधकामाला ती चारच होती.