कॅलिफोर्निया मोटर ट्रान्सपोर्ट विरुद्ध ट्रकिंग अनलिमिटेड
अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ जानेवारी १९७२ रोजी निकाली काढलेला मक्तेदारीविरोधी खटला. दोन्ही पक्ष कॅलिफोर्नियातील ट्रक वाहतूकदार होते.

त्या काळी ट्रक घेतला की धंदा सुरू, असे नव्हते. आंतरराज्य वाहतुकीला १९३५ च्या कायद्यानुसार आंतरराज्य व्यापार आयोगाचा परवाना लागे; राज्यांतर्गत वाहतुकीसाठी राज्याच्या आयोगाकडे जावे लागे. जुन्या वाहतूकदारांना तेथे हरकत घेता येई. ट्रकिंग अनलिमिटेड व इतरांची तक्रार अशी, की कॅलिफोर्निया मोटर ट्रान्सपोर्टसह प्रतिवादींनी एकत्र पैसा उभारून प्रतिस्पर्ध्यांच्या अर्जांना, तथ्य असो वा नसो, सरसकट हरकत घेण्याचा सपाटा लावला. आयोगापुढे हरले की फेरसुनावणी, मग न्यायालयात अपील. परवाना मिळाला तरी तोवरचा वेळ आणि वकिलांचा खर्च भरून निघत नाही. अशा डावात लहान वाहतूकदार अर्ज करायलाच कचरतो.

जिल्हा न्यायालयाने दावा काढून टाकला. अपील न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला. अडचण होती सर्वोच्च न्यायालयाच्याच १९६१ च्या ‘नोअर’ निकालाची. सरकारकडे आपले म्हणणे एकत्रितपणे मांडणे शर्मन कायद्याखाली (अमेरिकेचा मक्तेदारीविरोधी कायदा) गुन्हा ठरत नाही, मात्र ते केवळ सोंग असेल, म्हणजे खरा हेतू प्रतिस्पर्ध्याला त्रास देण्याचा असेल, तर संरक्षण नाही, असे त्यात म्हटले होते. १९७२ च्या निकालात न्या. विल्यम डग्लस यांनी हे संरक्षण आयोग व न्यायालयांपुढे मांडलेल्या म्हणण्यालाही लागू केले. पण बिनबुडाच्या दाव्यांची मालिका दिसली तर ते सुटते, असे ठरवले. प्रतिवादी दोषी ठरले असे काही ठिकाणी लिहिले जाते, ते बरोबर नाही. दावा चालवण्याजोगा आहे, एवढेच न्यायालयाने ठरवले.

संरक्षणाचा उगम कोणता, हा खरा वाद. ‘नोअर’मध्ये भर मुख्यतः शर्मन कायद्याच्या अर्थावर होता, डग्लस यांनी तो पहिल्या घटनादुरुस्तीतील गाऱ्हाणे मांडण्याच्या हक्काकडे वळवला. न्या. पॉटर स्टुअर्ट यांनी (न्या. ब्रेनन यांच्यासह) निकाल मान्य केला, पण बहुमत ‘नोअर’पासून मागे सरकत आहे, अशी टीका केली. ती टीका वजनदार वाटते. १९९३ मध्ये न्यायालयाने सोंगाची कसोटी दोन पायऱ्यांची केली : आधी दावा वस्तुतः निराधार असला पाहिजे, मगच हेतू तपासायचा. दाव्यांच्या मालिकेलाही हीच कसोटी लागते का, यावर अपील न्यायालयांत एकमत नाही. नवव्या मंडल न्यायालयाने (कॅलिफोर्नियासह पश्चिमेकडील राज्यांचे संघीय अपील न्यायालय) मालिकेसाठी १९७२ चाच निकष कायम धरला, आणि प्रस्तुत खटल्याची वस्तुस्थिती पाहता तेच अधिक सुसंगत दिसते.

ट्रक व्यवसायातील प्रवेश १९८० च्या कायद्याने बराच सोपा झाला.