पहिलं व्हायोलिन घेताना कंपनी राहू द्या, आधी खुंट्या फिरवून बघा

जून आला की जळगाव-धुळ्याकडे क्लासच्या ॲडमिशन सुरू होतात आणि कुणीतरी हमखास विचारतं, पोराला व्हायोलिन लावलंय, कोणत्या कंपनीचं घेऊ? आता कंपनी सांगून काय होणार भो, स्वस्तातल्या व्हायोलिनमधे एकाच मॉडेलचे दोन पीस सारखे वाजत नाहीत. आणि शिकणारं पोर कंटाळतं ते लाकडामुळे नाही, जुळणीमुळे. घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती उभी लाकडी पट्टी), खुंट्या, तारा, गज (वाजवायची केसांची काठी) हे सगळं नीट बसवलंय का, बस.

2010 मधे अमेरिकेत इंडियानापोलिसला 21 वादकांना काळे गॉगल लावून, खोलीत अंधार करून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली होती, तीन नवीन, तीन जुनी, जुन्यांत दोन स्ट्राडिव्हेरियस, म्हणजे जगातली सगळ्यात नावाजलेली जुनी इटालियन व्हायोलिनं. सगळ्यात जास्त नापसंत झालं ते त्यातलंच एक स्ट्राडिव्हेरियस! त्यामुळे ऑनलाइन लिहिलेलं 'प्रीमियम वूड' वाचून हुरळून जाऊ नका. पुढची पाटी स्प्रूसची, मागची मेपलची, एवढं पुरे.

आता घोडी. नुसती तार फारशी हवा हलवू शकत नाही, बारीक असते ना. तार घोडीला डुलवते, घोडी पुढच्या पाटीला हलवते आणि ती पाटी हवेला. घोडीच्या एका पायाजवळ आतून एक लाकडी दांडी उभी असते, साउंडपोस्ट म्हणतात, ती चिकटवलेली नसते, नुसत्या दाबावर उभी असते. म्हणून चारही तारा एकदम सैल करायच्या नाहीत, ती पडते. कुरियरने आलेलं व्हायोलिन हळूच हलवून बघा, आत खडखड झालं तर दांडी पडलीय, तारा चढवू नका, आधी कारागिराकडे न्या.

बऱ्याच स्वस्त व्हायोलिनची घोडी फॅक्टरीतून आली तशीच जाड आणि उंच असते, तासलेलीच नसते. तार उंच असली की बोट दुखतं हे तर आहेच, पण ती खाली दाबताना जास्त ताणली जाते आणि स्वर चढतो, म्हणजे पोराने बोट बरोबर जागी ठेवलं तरी बेसूर, आणि आपण म्हणतो याला कानच नाही. खुंट्यांकडे जी छोटी पट्टी असते, जिच्या खाचांतून तारा जातात, तिथे बोटपट्टी (जिच्यावर तार बोटाने दाबतात) आणि तार यांच्यामधे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. बोटपट्टीचं लाकूडही खालून बघा, बऱ्याचदा साध्या लाकडाला काळा रंग मारून आबनूस म्हणून खपवतात.

खुंट्यांचं मात्र आपल्या खान्देशात जरा जास्तच बघावं लागतं. लाकूड हवेतला ओलावा घेतं-सोडतं आणि आकसतं ते रेषांच्या आडव्या दिशेने जास्त, लांबीच्या दिशेने अगदी थोडं, त्यामुळे गोल छिद्र गोल राहत नाही. मे महिन्यात भुसावळला 45 डिग्रीत दुपारची हवा एवढी कोरडी की खुंटी सैल होऊन तार सुर्रकन उलगडते, आणि जुलैत तीच खुंटी फुगून अशी बसते की पक्कड आणावीशी वाटते (आणू नका, मोडेल). वर आपले कूलर! रात्रभर ओली हवा, दुपारी लाइट गेली की कोरडी, हा रोजचा झोका लाकडाला सगळ्यात वाईट. व्हायोलिन कूलरसमोर ठेवायचं नाही आणि उन्हातल्या बंद गाडीत तर अजिबात नाही, कारण सांधे सरसाने चिकटवलेले असतात आणि सरस उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो. दुकानात प्रत्येक खुंटी फिरवून बघा, गचके न देता फिरली आणि सोडल्यावर जागेवर थांबली की ठीक.

तारा सुरुवातीला स्टीलच्या घ्या, हवा बदलली तरी त्यांचा सूर कमी हलतो, आणि चारही तारांना फाइन ट्यूनर (सूर बारीक जुळवायचे छोटे स्क्रू) असू द्या. हिंदुस्थानी शिकणार असाल तर सा-प वर कसं लावायचं ते सरांना आधीच विचारा. कारण सूर उतरवला की तारेचा ताणही उतरतो. ताण कंपनसंख्येच्या (तार सेकंदाला किती वेळा हलते, ती हर्ट्झमधे मोजतात) वर्गावर अवलंबून असतो, म्हणजे सगळ्यात बारीक, 659 हर्ट्झची तार 587 वर आणली तर ताण सुमारे पाचव्या हिश्श्याने घटतो, आणि फार खाली आणली तर तार ढिली पडून आवाज बसतो.

नवीन गज घेतला आणि आवाजच येत नाही, अशी तक्रार फार असते. राळ लावलेली नसते, दुसरं काही नाही. राळ केसांना चिकट करते, केस तारेला ओढतात, तार निसटते, पुन्हा पकडतात, 440 हर्ट्झच्या तारेवर सेकंदाला 440 वेळा. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात हे दाखवलं, आणि आपले सी. व्ही. रामन यांनी 1918 मधे यावर मोठा प्रबंध छापला, नोबेल मिळण्याच्या बारा वर्षं आधी. राळेची नवी वडी गुळगुळीत असते, आधी पॉलिश पेपरने घासून घ्या.

राहिला साइज. पोरांसाठी लहान साइजची व्हायोलिनं येतात, 3/4 वगैरे. 3/4 म्हणजे पाऊण लांबीचं नसतं, फुल साइजची बॉडी साधारण 356 मिमी आणि 3/4 ची 335 च्या आसपास. फरक दिसायला किरकोळ, पण शाळेच्या ड्रेससारखं वाढत्या अंगाचं घेतलं तर पोराची करंगळी स्वरापर्यंत पोचत नाही. डावा हात सरळ करून मानेपासून तळव्याच्या मध्यापर्यंत मापा, 58-60 सेंमी भरलं तर फुल साइज, नाहीतर लहान घ्या आणि पोर मोठं झालं की क्लासमधल्याच कुणाला तरी विकून टाका, असली व्हायोलिनं हातोहात जातात.