दहा चाचण्यांत चालणारा रोबो

चार पायांच्या रोबोला संगणकावर चालायला शिकवता येतं. सांध्यांच्या हालचालींचे आकडे घेऊन शेकडो चाली तयार करायच्या, त्यातल्या बऱ्या निवडायच्या, त्यांचा संकर करायचा, थोडे बदल करायचे आणि पुढची पिढी घडवायची. खरी पंचाईत नंतर होते. पडद्यावर सुसाट धावणारी चाल फरशीवर उतरली की अनेकदा कोलमडते. पाऊल टेकतानाचं घर्षण, बसणारा धक्का, हे सगळं संगणकात अंदाजानेच मांडलेलं असतं. निवड फक्त वेगावर होत असल्यामुळे या अंदाजातल्या चुकीचा फायदा उठवणारी चालच पहिली येते.

पॅरिसच्या सिल्वँ कूस, जाँ-बातिस्त मूरे आणि स्तेफान दाँस्यू यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात यावर काढलेला उपाय मला फार मोलाचा वाटतो. 'ही चाल प्रत्यक्षात कितपत टिकेल?' हेच त्यांनी वेगाच्या जोडीला दुसरं उद्दिष्ट केलं.

वेग आणि टिकाऊपणा एकमेकांच्या आड येतात. कोणाला किती महत्त्व द्यायचं हे आधीच ठरवण्याऐवजी, एका बाबतीत नुकसान सोसल्याशिवाय दुसरीत सुधारणा शक्य नाही, अशा सगळ्या चाली राखून ठेवायच्या. हा विचार इटालियन अर्थतज्ज्ञ विल्फ्रेदो परेतो यांचा. तो संगणकावर झपाट्याने राबवणारी, जगभर वापरली जाणारी एनएसजीए-2 ही पद्धत आयआयटी कानपूरमध्ये कल्याणमय देब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. तो शोधनिबंध 2002 चा. चालींची संख्या दुप्पट केली की 1994 च्या मूळ एनएसजीए पद्धतीत क्रमवारीचं काम आठपटीपर्यंत वाढायचं, या पद्धतीत चौपट. शिवाय जुन्या पिढीतल्या उत्तम चाली हरवत नाहीत, आणि बरोबरीच्या चालींमध्ये गर्दीपासून दूर, म्हणजे इतरांपेक्षा वेगळ्या असलेल्यांना प्राधान्य मिळतं.

पण टिकाऊपणा मोजणार कसा? प्रत्येक चाल खऱ्या रोबोवर तपासली तर मोटारी झिजतील आणि महिने जातील. म्हणून आधी तपासलेल्यांपेक्षा वेगळ्या वाटणाऱ्या मोजक्याच चाली रोबोवर चालवल्या, संगणक आणि वास्तव यांतली तफावत नोंदवली, आणि बाकीच्यांची तफावत त्यावरून अंदाजली. आठ सांध्यांच्या त्या रोबोसाठी साधारण दहा प्रत्यक्ष चाचण्या पुरल्या.

ऊर्जा, तोल अशी उद्दिष्टं वाढत गेली की मात्र जवळजवळ प्रत्येक चाल कशात ना कशात सरस ठरते आणि निवडीला आधारच उरत नाही. अशा वेळी उद्दिष्टांच्या वेगवेगळ्या प्रमाणांनुसार आधीच आखून दिलेल्या दिशांभोवती चाली पसरवणारी एनएसजीए-3 वापरता येते. देब आणि हिमांशू जैन यांनी ती 2014 मध्ये मांडली.