पेपर कुठल्या भाषेचा, रायटर कुठला?

बेळगाव-खानापूरकडे अंध किंवा हातानं अधू असलेलं पोर पदवीच्या परीक्षेला बसणार म्हटलं की घरात आधी 'रायटर', म्हणजे ते सांगेल तसं पेपरात लिहून देणारा, शोधायला सुरुवात होते. 'लेखनिक' हा शब्द अर्जापुरता. रायटर सगळीकडेच शोधावा लागतो, पण सीमाभागात त्याला एक जास्तीचा प्रश्न चिकटतो: पेपर कुठल्या भाषेचा? मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) झालेल्या मुलीचा एखादा पेपर मराठीचा असतो, एखादा कन्नडचा, उरलेले इंग्रजीतले. तिन्ही परीक्षेच्या वेगानं लिहिणारा पीयूसीचा (अकरावी-बारावीचा) मुलगा गावात मिळाला तर नशीबच.

त्रांगडं जुनं आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तेवढा मागे राहिला आणि कोल्हापूरला जोडला गेला. इथल्या महाविद्यालयांचं विद्यापीठ म्हणजे धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ. 1998 मध्ये इंजिनिअरिंगसाठी बेळगावातच व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) आलं, 2010 मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ. अर्ज घेऊन धारवाड गाठायची गरज संपली. भाषेचा पेच जागेवरच राहिला.

गंमत अशी की कायद्याला हा पेच पहिल्यापासून थोडाफार ठाऊक होता. 1995 पर्यंत देशात अपंगांच्या शिक्षणाबद्दल सर्वसमावेशक कायदाच नव्हता. सवलत मिळायची ती प्राचार्यांच्या भलेपणावर. 1995 चा कायदा फेब्रुवारी 1996 पासून लागू झाला. त्यानं अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना लेखनिक पुरवणं शिक्षणसंस्थांवर बंधनकारक केलं, सरकारी आणि अनुदानित संस्थांत 3 टक्के जागा ठेवल्या आणि कर्णबधिर मुलांना एकच भाषा घेता यावी अशी अभ्यासक्रमाची मांडणी करायला सांगितलं. ही शेवटची तरतूद आमच्याकडे कुणी वाचलेली मला तरी भेटलेली नाही.

पीयूसीला असताना मी स्वतः शेजारच्या ताईसाठी रायटर म्हणून बसलो होतो. बी.ए.चा मराठीचा पेपर. ती सांगायची, 'नवा परिच्छेद, अवतरण सुरू', आणि अधूनमधून विचारायची, 'ळ नीट काढतोयस ना?' कारण आमच्या कॉलेजात इंग्रजीची सवय झालेल्या माझं देवनागरी अक्षर तिला माहीत होतं. तीन तास झाले आणि सुपरवायझरांनी उत्तरपत्रिका ओढून घेतली. जादा वेळेचं पत्र त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. शेवटचा प्रश्न तिच्या डोक्यात तयार होता, कागदावर दीड ओळ.

त्या जादा वेळेला वेगळं नाव मिळालं ते 26 फेब्रुवारी 2013 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत. 'जादा वेळ' म्हणू नका, 'भरपाईचा वेळ' म्हणा, असं त्यांत स्पष्ट लिहिलंय. ताशी किमान 20 मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. नुसता शब्द बदलला असं कुणाला वाटेल, पण मेहेरबानी आणि देणं यांतला फरक त्या शब्दात आहे. आणि त्याच सूचनांत सीमाभागासाठीच लिहिल्यासारखं एक वाक्य आहे: वेगवेगळ्या पेपरांना, विशेषतः भाषांच्या पेपरांना, वेगवेगळे लेखनिक घेता येतील. 2018 च्या सुधारित सूचनांतही ते कायम राहिलं, एका विषयाला एकच या अटीसह. त्या वेळी नवी अट मात्र आली, की स्वतः आणलेल्या लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली हवं. गैरप्रकार टाळायला ती असेल, पण आधीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असलेले रायटर तिनं आणखी कमी केले.

मधल्या काळात कायदाच बदलला. भारतानं 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अपंगहक्क करार मान्य केला होता. त्याला धरून 2016 चा कायदा झाला आणि 19 एप्रिल 2017 ला लागू झाला. अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले, उच्च शिक्षणात 5 टक्के जागा आल्या, प्रमाणपत्र देशभर चालेल असं ठरलं. बेळगावच्या सिव्हिलमधलं प्रमाणपत्र कोल्हापूरच्या विद्यापीठात चालतं ते यामुळे. लेखनिकासाठी किमान 40 टक्के अपंगत्व हवं, ही मेख तेवढी उरली होती. 11 फेब्रुवारी 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं, लिहिताना हात आखडणाऱ्या एका यूपीएससी उमेदवाराच्या प्रकरणात, लेखनिकासाठी 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही असं सांगितलं. ऑगस्ट 2022 मध्ये अशा विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या.

आता ऑफिस शोधायचं. मराठी माणूस 'अपंग कल्याण' अशी पाटी शोधत फिरतो आणि पाटीवर कन्नडमध्ये असतं 'विकलचेतन'. ग्रामपंचायतीत पुनर्वसन कार्यकर्ता असतो, त्याला विचारलेलं बरं. त्याला निदान कुठल्या टेबलाशी उभं राहायचं ते ठाऊक असतं.

2016 च्या कायद्याच्या कलम 17 मध्ये जादा वेळ (कायद्यात शब्द तोच आहे) आणि लेखनिक यांच्याच ओळीत आणखी एक सवलत आहे: दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट. महाराष्ट्रात ती निमूट मागता येते. आमच्याकडे मराठी मुलाची दुसरी भाषा बहुधा कन्नड, आणि कन्नडमधून सूट मागितली की समोरचा माणूस अर्ज बाजूला ठेवून आधी आडनाव वाचतो. ओळखीच्या एका पालकांनी म्हणून मुलाच्या अर्जाच्या तळाशी एक ओळ वाढवली, 'ही विनंती केवळ वैद्यकीय कारणासाठी आहे', आणि ती शेजाऱ्यांकडून कन्नडमध्ये लिहून घेतली.