खटखट आणि उजेड : गेमिंग कीबोर्डची पार्श्वभूमी

भाच्याचा रात्री मेसेज आला. "मामा, कीबोर्ड घ्यायचाय, गेमिंगचा. रेड घेऊ, ब्राऊन घेऊ की ब्ल्यू? आणि लाइटवालाच पाहिजे हां." सोबत चार लिंका. चारही फोटोंत काळा कीबोर्ड आणि त्याच्या फटींमधून सांडणारा सप्तरंगी उजेड, वरातीतल्या डीजेच्या गाडीसारखा. मला लगेच उत्तर देता येईना. कारण त्याने विचारलेले तिन्ही रंग (ते बटणांखालच्या स्विचचे) आणि वर हवा असलेला तो उजेड, यातलं जवळपास काहीच मुळात गेम खेळणाऱ्यांसाठी जन्मलेलं नाही. कुठली गोष्ट कुठून आली हे कळलं की निवड बरीच सोपी होते, म्हणून ही लांबण. (शुद्ध मराठीत 'कळफलक' म्हणायला हवं, पण तो शब्द घेऊन दुकानात गेलात तर दुकानदार काहीतरी भलतंच काढून दाखवेल.)

सुरुवात टाइपरायटरपासून. गोदरेजने 1955 साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला आणि 2009 पर्यंत तो बनत राहिला. आपल्याकडे तीसच्या आणि चाळीसच्या स्पीडची परीक्षा दिलेल्यांना त्या मशिनची खटखट अजून आठवत असेल. तिथे बोटाच्या जोरानेच अक्षराचा दांडा उडायचा आणि कागदावर आपटायचा, त्यामुळे अक्षर उमटलं की नाही हे कानाला आणि बोटाला आपोआप कळायचं. कॉम्प्युटर आल्यावर बटणाला काम उरलं ते फक्त सर्किट जोडायचं. त्याला ना जोर लागतो, ना आवाज. पण टाइपिस्टच्या बोटांना काहीतरी उत्तर हवं होतं.

ते उत्तर आयबीएमने एका स्प्रिंगमधून काढलं. 1981 च्या पहिल्या पीसीसोबत आलेल्या कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली एक उभी स्प्रिंग होती. बटण ठराविक खोलीपर्यंत दाबलं की ती मधूनच कडेला वाकायची, टक्कन आवाज यायचा आणि त्याच क्षणी अक्षराची नोंद व्हायची. 1985 च्या सुमारास याचीच थोडी स्वस्त आवृत्ती आली, ती 'मॉडेल एम'. वजन दोन किलोंहून जास्त. टेबलावर ठेवला की हलायचं नाव नाही. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली युनिकॉम्प ही कंपनी तो कीबोर्ड आजही बनवते. टायपिंगसाठी याच्यासारखा दुसरा नाही म्हणणारे लोक मला भेटलेत, आणि मला त्यांचं पटतं. गेमसाठी मात्र तो नको. का, ते पुढे येईल.

भाच्याच्या प्रश्नातले रंग आले चेरीकडून. ही कंपनी 1953 साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एका रेस्टॉरंटच्या तळघरात सुरू झाली. पुढे तिचं मुख्य बिऱ्हाड जर्मनीत, बव्हेरियातल्या आउअरबाख गावी गेलं. 1980 च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात त्यांनी 'एमएक्स' स्विच काढला, म्हणजे प्रत्येक बटणाखाली बसणारा सुटा खटका. आज आपण ज्याला मेकॅनिकल कीबोर्ड म्हणतो तो बहुतेक वेळा याच स्विचचा किंवा त्याच्या नकलेचा असतो. रंग म्हणजे स्विचच्या मधल्या दांडीचा रंग, बस. सुरुवात काळ्याने झाली. ही सरळ खाली जाणारी, दाबायला जरा जड दांडी. ती दुकानांच्या कॅश काउंटरवरच्या कीबोर्डांतही खूप वापरली गेली.

निळा स्विच एकदा उघडून बघण्यासारखा आहे. टोपी, म्हणजे बटणाचा वरचा प्लास्टिकचा भाग, काढा, स्विचच्या कडा चिमट्याने दाबून वरचं झाकण उचला. आत निळी दांडी असते आणि तिच्या खालच्या अंगाला सैलसर बसवलेला पांढरा प्लास्टिकचा तुकडा. बटण अर्ध्यावर गेलं की हा पांढरा तुकडा एकदम खाली झेपावतो आणि तळावर आपटतो. टाइपिस्टला हवी असलेली टिकटिक ती हीच. पण या रचनेची एक किंमत आहे. बटण ज्या खोलीवर 'दाबलं' म्हणून नोंदलं जातं, त्याच्या बऱ्याच वर आल्याशिवाय ते 'सोडलं' म्हणून नोंदलं जात नाही. पत्र लिहिताना हा फरक जाणवतसुद्धा नाही. एकच बटण पटापट दोनदा दाबायचं असेल तर मात्र बोट दर वेळी जास्त वर उचलावं लागतं.

आपल्याकडे हा निळा स्विच गेमिंगच्या कितीतरी आधी पोचला होता, पण त्याची कोणी दखल घेतली नाही. चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा 'टीव्हीएस गोल्ड' आठवा. मेडिकलच्या काउंटरवर, टॅलीवाल्या अकाउंटंटच्या टेबलावर, झेरॉक्सच्या दुकानात; रंग उडालेला, बटणांच्या मधल्या फटींत धूळ भरलेली, आणि तरीही वर्षानुवर्षं खटाखट चालणारा. त्याच्या आत अनेक वर्षं चेरीचा निळा स्विच होता. रुपयाचं नवं चिन्ह 2010 साली ठरल्यावर ते छापलेली त्याची आवृत्तीही आली. गेमर मंडळी परदेशी कीबोर्डसाठी पैसे साठवत असताना कोणाच्या तरी लक्षात आलं की तोच स्विच कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे आहे, तोही साधारण दोन हजारांत. मग काही काळ भारतातला सगळ्यात स्वस्त 'गेमिंग' मेकॅनिकल कीबोर्ड हा बिलं फाडणारा कीबोर्ड होता. उजेड नव्हता, दिसायला बँकेतला वाटायचा. पण आतला माल तोच.

खेळाकडे वळू. 1990 च्या दशकात कॉम्प्युटर स्वस्त झाले, तसे कीबोर्डही. स्प्रिंगा आणि धातूचे काँटॅक्ट गेले. रबराच्या घुमट्या असलेली एक अखंड शीट आणि तिच्याखाली छापील प्लास्टिकचे पापुद्रे आले. दाबलं की चिखलात बोट रुतल्यासारखं वाटायचं. नेमक्या याच काळात, 1996 मध्ये, 'क्वेक' हा गोळीबाराचा गेम आला. उजवा हात माउसवर, मग चालायचं कुठल्या बटणांनी? डेनिस फाँग नावाचा पोरगा, खेळातलं नाव 'थ्रेश', डाव्या हाताने डब्ल्यू-ए-एस-डी वापरायचा. 1997 च्या स्पर्धेत तो पहिला आला आणि बक्षीस म्हणून त्याला गेमच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या जॉन कारमॅकची स्वतःची फेरारी मिळाली. त्या चार बटणांचा शोध त्याने लावला असं नाही, पण फेरारी जिंकलेल्या माणसाची बोटं कुठे होती हे सगळ्यांनी पाहिलं. 1998 च्या 'हाफ-लाइफ'मध्ये तर हीच मांडणी आयती मिळाली.

इथे स्वस्त कीबोर्डचं बिंग फुटलं. कीबोर्डात बटणांच्या तारा आडव्या-उभ्या जाळीसारख्या असतात आणि आतली चिप ही जाळी सतत तपासत असते. जाळीतल्या एकाच चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले की चौथाही दाबल्यासारखा भासतो. हा घोळ टाळायला स्वस्त कीबोर्ड तिसरं बटण सरळ नाकारतो. पळताना वळून उडी मारायची म्हणजे तीन-चार बटणं एकदम. मग ऐन वेळी उडीच बसत नाही आणि पोरगं कीबोर्डवर हात आपटतं. मॉडेल एममध्येही हीच अडचण आहे, म्हणून वर नको म्हटलं. यावर उपाय जुनाच: प्रत्येक स्विचला एकेक डायोड लावायचा, की वीज उलट दिशेने फिरत नाही. सुटे स्विच असलेल्या मेकॅनिकल कीबोर्डात हे सहज जमतं. गेमर मेकॅनिकलकडे वळले त्यामागे आवाजाच्या हौसेइतकंच हे कारण आहे, पण खोक्यावर ते बारीक अक्षरांत छापलेलं असतं.

गेमिंग कंपन्यांना हे उमगायला वेळ लागला. 2008 मध्ये स्टीलसीरिजचा '7जी' आला, चेरीच्या काळ्या स्विचचा. त्याच वर्षी चेरीने लाल स्विच काढला: काळ्यासारखाच सरळ, पण हलका, दाबायला साधारण 45 सेंटिन्यूटन जोर लागणारा. 2010 मध्ये रेझरने 'ब्लॅकविडो' आणला आणि मेकॅनिकल हा शब्द गेमरांच्या तोंडी बसला. गंमत म्हणजे त्या पहिल्या ब्लॅकविडोत होता निळा स्विच, टाइपिस्टचा! म्हणजे गेमिंगच्या नावाने जो सगळ्यात गाजला, त्यात दोनदा पटकन दाबायला सगळ्यात गैरसोयीचा स्विच. विकला मात्र धडाक्यात गेला, कारण दुकानात एकदा दाबून पाहिला की त्या आवाजाची भुरळ पडते. ती भुरळ घरी रात्री दीड वाजेपर्यंत टिकते. मग शेजारच्या खोलीतून हाक येते.

आता उजेड. लाल एलईडी 1962 पासून होता, हिरवाही मागोमाग आला. निळा काही केल्या जमत नव्हता, आणि निळ्याशिवाय पांढरा नाही की इंद्रधनुष्य नाही. जपानमध्ये इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी त्यासाठी गॅलियम नायट्राइडवर वर्षानुवर्षं काम केलं. शिकोकू बेटावरच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा त्याच पदार्थामागे लागले होते. 1993 मध्ये निचियाने झगझगीत निळा एलईडी जाहीर केला. त्यानंतर दहाएक वर्षं सगळी इलेक्ट्रॉनिक वस्तू निळी लुकलुकायची, आठवत असेल: डीव्हीडी प्लेअर, पेन ड्राइव्ह, स्पीकर. 2003 च्या 17 इंची पॉवरबुक लॅपटॉपमध्ये ॲपलने बटणांखाली उजेड खेळवला, तो काळोखात काम करणाऱ्यांसाठी. 2005 मध्ये लॉजिटेकचा 'जी15' आला, बटणं निळी उजळणारी आणि वर छोटा पडदा. आत मात्र रबरच.

स्विच आणि उजेड यांचा संसार सुरुवातीला अवघडच होता. चेरीचा स्विच बनला तेव्हा आतून उजेड सोडायचा विचार कोणाच्या डोक्यात असला तरी तो एका छोट्या दिव्यापुरता. त्यासाठी जागा होती ती दांडीच्या वरच्या बाजूला, एका कडेला. म्हणून उजेड टोपीच्या वरच्या अर्ध्या भागातून नीट बाहेर पडतो आणि खालचा अर्धा भाग अंधुक राहतो. गेमिंग कीबोर्डवर आकड्यांच्या बटणांवर '1' आणि '!' एकाखाली एक न छापता वरच्या कडेला शेजारी-शेजारी का छापतात, याचं कारण हे. याचा आपल्याला थेट फटका बसतो. इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीने मराठी लिहिणारा माणूस देवनागरीचे स्टिकर बटणाच्या खालच्या कोपऱ्यात चिकटवतो. तिथे मुळात उजेड कमी, त्यात स्टिकर आडवा. रात्री इंग्रजी अक्षरं झळकतात, 'ळ' शोधायला मोबाईलची बॅटरी लावावी लागते.

पूर्ण रंगीत उजेडासाठी चेरीला स्विचचं कवच पारदर्शक करावं लागलं. तो स्विच घेऊन 2014 मध्ये कोर्सेअरचा 'के70 आरजीबी' आला. योगायोग असा की अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना भौतिकशास्त्राचं नोबेलही त्याच वर्षी मिळालं. खोक्यावर जे 'सोळा मिलियन कलर्स' लिहितात, ते लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी 256 पायऱ्यांचा गुणाकार: 1 कोटी 67 लाख 77 हजार 216. त्यातले पाच-सहा माणूस वापरतो. नेम सुधारायला एकाचाही उपयोग नाही. उजेडाचा खरा उपयोग एवढाच की अंधाऱ्या खोलीत बटण सापडतं. त्यासाठी एकरंगी पांढरा पुरतो, आणि वाचलेल्या पैशांत टोप्या चांगल्या येतात. स्वस्त लाइटवाल्या कीबोर्डात पारदर्शक टोपीला काळा रंग मारून लेझरने अक्षर खरवडलेलं असतं. वर्ष-दोन वर्षांत डब्ल्यू-ए-एस-डीवरचा रंगच निघतो आणि ती चार बटणं सबंध पेटलेली दिसतात. दोन रंगांचं प्लास्टिक एकात एक ओतून केलेल्या टोपीत अक्षर झिजत नाही. हे विचारून घ्यावं.

चेरीच्या पेटंटची मुदत संपल्यावर चीनमध्ये कैल, गेटरॉन, आउटेमू यांनी तसेच स्विच धडाधड बनवले. रेझरनेही 2014 पासून स्वतःच्या नावाचे हिरवे स्विच लावले. रंगांचा अर्थ तेव्हापासून सैल झाला: लाल म्हणजे सरळ, ब्राऊन म्हणजे मधे हलका खडा लागणारा, निळा म्हणजे टिकटिक, इतपत सगळीकडे चालतं, त्यापुढे प्रत्येकाचा लाल वेगळा.

आणि गेमरांसाठी खरोखर काही बदललं ते अलीकडे, पण तेही जुन्याच ट्रंकेतून. 1968 मध्ये हनीवेलच्या मायक्रो स्विच विभागाने हॉल इफेक्टवरचा कीबोर्ड काढला होता: बटणाच्या दांडीत लोहचुंबक, खाली सेन्सर, काँटॅक्ट घासणं नाही. टिकाऊ पण महाग, त्यामुळे मागे पडला. त्याच कल्पनेत एक वेगळीच सोय दडली होती. चुंबक किती जवळ आला हे सेन्सरला सतत मोजता येतं, म्हणजे बटण कुठल्या खोलीवर 'दाबलं' धरायचं ते आपण ठरवू शकतो. स्टीलसीरिजने 2019 च्या 'एपेक्स प्रो'त ही सोय दिली. नेदरलँड्सच्या वूटिंगने पुढचं पाऊल टाकलं: बोट मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं वर आलं की बटण सुटलं. निळ्या स्विचच्या बरोबर उलटं.

काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या गेममध्ये पळताना गोळी नीट लागत नाही. डावीकडे नेणारा ए सोडून क्षणभर उजवीकडे नेणारा डी दाबायचा, जागीच थांबायचं आणि झाडायची. ही सफाई कमवायला खेळाडूंची वर्षं जातात. जुलै 2024 मध्ये रेझरने 'स्नॅप टॅप' आणलं: दोन्ही बटणं दाबलेली असली तरी शेवटचं दाबलेलंच खरं. बोटाची कसरत कीबोर्डच करू लागला. ऑगस्टमध्ये हा गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हने आपल्या अधिकृत सर्व्हरवर त्यावर बंदी घातली. कीबोर्ड फारच चांगला आहे म्हणून खेळाबाहेर, ही वेळ काही मॉडेल एमवर आली नसती.

भाच्याला शेवटी एवढंच कळवलं: लाल स्विच, दुहेरी प्लास्टिकच्या टोप्या, सुटे स्विच काढता-घालता येतील असा सॉकेट, उजव्या हाताचे आकडे नसलेला आखूड आकार, म्हणजे माउसला जागा राहते. उजेड तुझ्या हौसेचा. त्याने निळा घेतला. दुकानात दाबून पाहिला म्हणे.